गोदाकाठचे मासे आणि कर्नल साइक्स

मध्यंतरी सहावीच्या वर्गात समुद्रातल्या प्रवाळ भित्तिकांचा तक्ता लावला होता. त्यातला नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा मुलांनी क्षणात ओळखला. सिनेमात पाहिलेला ना! तो समुद्रफुलाच्या विषारी बोटांमध्ये राहतो, आणि म्हणून मोठे मासे त्याच्या वाट्याला जात नाहीत, हेसुद्धा दोघांनी सांगितलं. मला बरं वाटलं. मग सहज विचारलं, आता आपल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यातले पाच मासे सांगा पाहू.

चिलापी. रोहू. कटला. आणि पुढे शांतता.

यातला एकही मासा मूळचा आपला नाही. चिलापी म्हणजे तिलापिया, ती आफ्रिकेतली. रोहू आणि कटला गंगेच्या खोऱ्यातून इकडे आणून सोडलेले. मी हे सांगणार तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलानं हळूच हात वर केला. त्याच्या घरी जाळं आहे. त्यानं तीन नावं घेतली : शिंगटी, शिंगाळा, मळ्या. कुठून शिकलास म्हटलं, तर आजोबांकडून.

ही तीनही नावं, थोड्याफार उच्चारांच्या फरकानं, १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्राच्या एका नियतकालिकात छापली गेली आहेत. आणि ती आजही जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या यादीत आहेत. ती तिथं नेऊन ठेवणाऱ्या माणसाचं नाव विल्यम हेन्री साइक्स. पक्षिनिरीक्षकांना हे नाव माहीत असतं, कारण त्यांच्या नावाचा एक चंडोल आहे आणि एक वटवट्याही आहे. मासेवाले साइक्स मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांच्या बाहेर राहिले. ही त्यांची गोष्ट.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ. आज आपण ज्या वयात मुलाला नववीत घालतो, त्या वयात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल होऊन हिंदुस्थानात आले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरला वेढा घातला, त्यात ते होते. इथं थोडं थांबते. आपल्या तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याला आपण कौतुकानं महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो. भरतपूरच्या वेढ्यात लढलेला पोरगेला शिपाई पुढं दख्खनच्या पक्ष्यांची आणि माशांची यादी करतो, हा नुसता योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण वर्गात सांगायला छान आहे.

या माणसाची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८१० पर्यंत, म्हणजे विशीतच, त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांची दुभाष्याची परीक्षा दिली. त्या काळी कंपनीच्या अधिकाऱ्याला भाषा येत असेल तर बढतीला उपयोग व्हायचा, तेव्हा शिकण्यामागं निव्वळ प्रेमच होतं असं म्हणायला नको. पण मराठी येत होती म्हणूनच पुढची मासळी त्यांच्या हाताला लागली.

१८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. दुसरे बाजीराव पेशवे एका बाजूला, कंपनीची फौज दुसऱ्या बाजूला. साइक्स कंपनीच्या बाजूनं देशी शिपायांच्या तुकडीचं नेतृत्व करत होते. पाठोपाठ पुणं पडलं, डोंगरी किल्ले एकेक करून घेतले गेले, आणि त्या मोहिमांतही ते होते. मुलांना हे सांगावं, लपवू नये. ज्या माणसानं आपल्या नद्यांची मासळी प्रेमानं मोजली, तोच माणूस आपलं राज्य बुडवणाऱ्या फौजेत होता. दोन्ही खरं आहे.

या धामधुमीतही त्यांचं डोकं दुसरीकडेच चालायचं. वेरूळची लेणी पाहून त्यांनी त्यांचं सविस्तर वर्णन लिहिलं आणि ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापून आलं. मग १८२० ते १८२४ अशी चार वर्षं ते युरोपात फिरले. परत आले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्यांनी साइक्स यांना एक नवीनच काम दिलं : सांख्यिकी माहिती गोळा करणारा अधिकारी.

नव्यानं हाती आलेल्या मुलखात नेमकं आहे काय, हे कंपनीला हवं होतं. अर्थात सारा वसूल करण्यासाठी. गावं किती, माणसं किती, जमिनीचे हक्क कुणाकडे, पिकं कोणती, पाऊस किती, उन्हाळ्यात पारा कुठवर चढतो. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड अशा चार कलेक्टरांचा मुलूख त्यांच्याकडे होता. त्या वेळी नाशिक हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १८६९ मध्ये झाला. तोवर या भागातला बराचसा मुलूख अहमदनगरच्या कलेक्टराखाली मोडायचा. म्हणजे गोदावरीचा आपला पट्टाही त्यांच्या कामाच्या नकाशात होता.

कामाचा कागद जमिनीचा आणि लोकसंख्येचा होता. पण हा माणूस जाईल तिथं वायुभारमापक घेऊन जायचा, पक्षी टिपायचा, प्राण्यांची मापं काढायचा. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब दिवसातून ठरावीक वेळी चढतो आणि उतरतो, त्याच्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षं ठेवल्या आणि पुढं लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्या छापल्या. १८२९ च्या डिसेंबरात काटकसरीपायी त्यांचं पद रद्द झालं. दुसरा कुणी असता तर पलटणीत परत गेला असता. साइक्स यांनी गव्हर्नर जॉन माल्कम यांच्याकडून परवानगी काढली आणि काम पुरं करण्यासाठी आणखी वर्षभर मुलूख पालथा घातला. जानेवारी १८३१ मध्ये ते काम संपलं आणि ते मायदेशी गेले. वय एकेचाळीस.

गेल्या गेल्या पहिल्यांदा प्राण्यांची यादी आली. त्यात आपल्या रानकुत्र्याची नोंद आहे. त्याला मराठी मुलखात कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात हेही त्यांनी लिहिलं आणि शास्त्रीय नाव देताना त्यात दख्खन हा शब्द घातला. १८३२ मध्ये पक्ष्यांची यादी आली, सव्वादोनशेच्या वर जातींची. पाणथळीच्या कडेला मान आखडून बसलेली मातकट ढोकरी, जी उडाली की एकदम पांढरीशुभ्र दिसते, तिचं शास्त्रीय नाव याच यादीतलं आहे. पुढच्या वेळी मुलांना घेऊन खाणगाव थडीच्या मनोऱ्यावर गेलात की ती नक्की दिसेल.

मासे सर्वात शेवटी आले. १८३८ च्या अखेरीस त्यांनी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या माशांवरचा निबंध ठेवला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये छापला गेला आणि चित्रांसकट पूर्ण निबंध १८४१ मध्ये. (पुढच्याच वर्षी, १८४२ मध्ये, आपल्या निफाडात महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.)

आता मासा ओळखतात कसा, हे थोडं तपशिलात बघू, कारण शिकवताना इथंच गंमत आहे.

प्रवाळ भित्तिकेजवळचं पाणी नितळ असतं. ऊन तळापर्यंत पोचतं. तिथल्या माशांचे रंग भडक, पट्टे ठळक, डोळ्याजवळ काळी पट्टी, शेपटीवर खोटा डोळा. मालवणच्या समुद्रात बुडी मारून आलेले लोक फोटोवरून मासा ओळखतात ते या रंगखुणांच्या जोरावर. त्यातही रंग फसवतात. काही जातींत पिल्लाचा रंग एक आणि मोठ्याचा दुसरा, नर वेगळा आणि मादी वेगळी. जुन्या शास्त्रज्ञांनी यापायी एकाच माशाला दोन-दोन नावं दिली आहेत. म्हणून तिथंही अखेर विचारावं लागतं, हा राहतो कुठं? समुद्रफुलात, प्रवाळाच्या फांद्यांत, की कपारीत उलटा?

आपल्या नदीत तर रंगाचा आधार जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात गोदावरी चहासारखी वाहते. त्या पाण्यात भडक रंगाला कोण विचारतो? सगळे रुपेरी, नाहीतर मातकट. शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला दहा मासे एकसारखे वाटतात. मग मोजावं लागतं. पाठीच्या परात काटे किती, त्यातले कडक किती आणि मऊ किती. कुशीवरून जी रेघ जाते तिच्यावर खवले किती. तोंडाला मिशा आहेत का, असल्या तर दोन, चार की आठ. डोकं अंगाच्या किती पट. तोंड वर उघडतं, समोर, की खाली. साइक्स यांनी हेच केलं. पकडलेल्या माशाची मापं घेतली, पराचे काटे मोजले, चित्रं काढून घेतली. आणि सोबत दोन गोष्टी लिहिल्या : मासा कुठल्या नदीत मिळाला आणि लोक त्याला काय म्हणतात.

दख्खनच्या नद्यांमध्ये मिशीवाल्या आणि कार्पच्या घराण्यातल्या माशांची रेलचेल आहे. त्यांच्या यादीतही तेच दिसतं. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमी, तेव्हा मिशांनी चाचपडत खाणं शोधायचं. शिंगटी आणि शिंगाळा हे दोघंही मिशीवाले. पाठीच्या आणि छातीच्या परांना कडक काटा असतो, तो शिंगासारखा टोचतो. ज्यानं एकदा हातात धरला त्याला नावाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. शिंगाळा मोठा होतो आणि त्याला खोल पाणी, डोह लागतो. मळ्या अगदी वेगळा. बोटभर ते वीतभर लांबीचा, हनुवटीखाली चकतीसारखी गादी. त्या गादीनं तो खळाळत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. विदूषक मासा जसा समुद्रफूल सोडून राहत नाही, तसा मळ्या वाहतं पाणी आणि कातळ सोडून फार दूर जात नाही. बंधाऱ्यामागच्या गाळात त्याला शोधू नका. कादवेच्या वरच्या अंगाला, दगडधोंड्यांत शोधा. आळकुटीसारखे रुपेरी, चपटे मासे वरच्या थरात फिरतात, तोंड वर वळलेलं, कारण खाणं पाण्यावर पडणारे किडे. तळाच्या वाळूत मुरे असतात. मुलांना माशाचं नुसतं तोंड दाखवून तो पाण्याच्या कुठल्या थरात राहत असेल हे ओळखायला लावा, तास कसा संपतो कळत नाही.

नावांकडे येऊ. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे साइक्स यांनी काही मासे लंडनच्या मित्रांच्या आणि बड्या विद्वानांच्या नावे केले. व्हिगर्स, ओगिल्बी, चिल्ड्रेन, रुपेल ही नावं तशीच आली. पण बहुतेक ठिकाणी त्यांनी सरळ मराठी नाव उचललं आणि लॅटिनच्या शेजारी बसवलं. शिंगटी, शिंगाळा, ताकरी, लोणा, बोगट, फुलंगी, सांडखोळ, मुरे, मळ्या, कोळस, नुकटा, खुद्री. एका माशांच्या कुळाचं नावच त्यांनी रोहटी ठेवलं. नुकटा या माशाच्या नाकाडावर विचित्र उंचवटा आणि खाच असते. आपला नकटा हा शब्द त्यात ऐकू येतो.

अर्थात इंग्रजी लिपीतून जाताना शब्दांची मोडतोड झाली. ळ, ण, ड यांची वाट लागली. मुळा-मुठेचं मोटा मोला झालं, घोड नदीचं गोरे, भीमेकाठच्या पेडगावचं पैरगाव. त्यामुळं काही नावांचा मूळ उच्चार आज नक्की सांगता येत नाही. मुलांना हे कोडं म्हणून द्यायला हरकत नाही. इंग्रजी स्पेलिंग फळ्यावर लिहायचं आणि घरी आजी-आजोबांना विचारून मूळ शब्द शोधून आणायचा.

शास्त्रीय नावांच्या पुढं शास्त्रज्ञाचं नाव आणि साल लिहितात, हे आपण अकरावी-बारावीत शिकलो होतो. खुद्री या महाशीर माशाचं नाव टोर खुद्री (साइक्स, १८३९) असं लिहितात. यातला कंस उगीच नसतो. नाव देणाऱ्यानं मासा ज्या कुळात ठेवला होता, त्यातून पुढं तो दुसऱ्या कुळात हलवला गेला तर मूळ माणसाचं नाव कंसात जातं. साइक्स यांनी खुद्रीला बार्बस म्हटलं होतं. कुळ बदललं, मराठी नाव तसंच राहिलं. खुद्री त्यांना मिळाला पुण्याच्या पूर्वेला सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेत. आज त्या पाण्याकडे पाहून तिथं महाशीर होता यावर कुणाचा विश्वास बसणार नाही.

हे सगळं त्यांना सांगितलं कुणी? मासे पकडून आणले कुणी? भोई, कोळी, नदीकाठची माणसं. दुसरं कोण सांगणार! एका नदीवर वीस-वीस जाती वेगळ्या काढून दाखवणं, प्रत्येकीचं नाव सांगणं, हे ओळखपत्राचं अर्धं काम त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. साइक्स यांनी ते मोजमापानं पक्कं केलं आणि छापलं. चिल्ड्रेन साहेबांचं नाव माशाला मिळालं. जाळं टाकणाऱ्याचं नाव निबंधात नाही. मला ही गोष्ट खटकते. पण हेही खरं की त्याच काळातले कित्येक साहेब लोकांच्या तोंडचं नाव टाकूनच देत. साइक्स यांनी माणसाचं नाव नोंदवलं नाही, त्याचा शब्द मात्र जपला.

मायदेशी गेल्यावर त्यांचं आयुष्य भरधाव चाललं. १८३३ मध्ये कर्नल म्हणून लष्करातून निवृत्त. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. त्याच सुमारास लंडनची स्टॅटिस्टिकल सोसायटी उभी राहिली तिच्या संस्थापकांत ते होते, आणि १८६३ मध्ये तिचे अध्यक्षही झाले. मानसिक रुग्णांच्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या मंडळावर त्यांनी दहा वर्षं काम केलं. चिनी प्रवासी फाहियानच्या वृत्तांताचा आधार घेऊन प्राचीन भारतावर आणि बौद्ध धर्मावर लिहिलं. १८४० मध्ये ज्या कंपनीत पोरवयात भरती झाले तिचेच संचालक झाले आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. त्यानंतर वर्षभरातच सत्तावन्नचा उठाव झाला आणि कंपनीचं राज्यच संपलं. १८५७ पासून ते ॲबर्डीनचे खासदार होते, ते शेवटपर्यंत. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. या भल्यामोठ्या यादीत मासे कुठं तरी कोपऱ्यात आहेत. त्यांच्या चरित्रकारांना त्या कोपऱ्याचं फार अप्रूप नसावं.

पण त्यांच्या माशांची गोष्ट त्यांच्या मरणानं संपली नाही. उलट तिथून गुंता सुरू होतो.

शिरूरजवळच्या घोड नदीतून मिळालेल्या एका माशाला साइक्स यांनी मुसुल्ला असं नाव दिलं होतं. पुढं दक्षिणेत कावेरीत एक प्रचंड महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, पन्नास किलोंच्या वर जाणारा. गळ टाकून मासेमारी करणाऱ्या शिकाऱ्यांमध्ये तो जगप्रसिद्ध. त्याला कुठलं नाव द्यायचं, या प्रश्नाला विसाव्या शतकात मोठमोठ्या तज्ज्ञांनी उत्तर दिलं : हाच साइक्स यांचा मुसुल्ला. ते नाव पुस्तकांतून पक्कं झालं. साइक्स यांचा मूळ नमुना कुठल्याही संग्रहालयात नाही, त्यामुळं ताडून पाहायला काही हाताशी नव्हतं. मग उरलं काय? त्यांचं वर्णन, आणि त्यांनी लिहिलेलं ठिकाण. घोड नदी भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. कावेरीचं खोरं निराळं. काही वर्षांपूर्वी संशोधकांनी ते वर्णन पुन्हा बारकाईनं वाचलं, घोडेच्या खोऱ्यातल्या माशांशी जुळवलं आणि दाखवून दिलं की साइक्स यांचा मुसुल्ला महाशीरच नाही, तो वेगळ्याच कुळातला मासा आहे. म्हणजे कावेरीतला तो राक्षसी महाशीर इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर जगत होता. २०१८ मध्ये त्याची ओळख टोर रेमादेवी म्हणून पक्की झाली.

तोपर्यंत उशीर झाला होता. कावेरीत तो जवळपास संपत आला होता आणि त्याच वर्षी त्याची नोंद अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. त्यामागं धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी, अशी कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आपल्या मुलखातून गेलेलं आहे. लोणावळ्याच्या तलावांवर १९७० च्या दशकात महाशीरचं कृत्रिम प्रजनन यशस्वी झालं. ते मोठंच काम होतं, त्यात शंका नाही. तिथली पिल्लं देशभरातल्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. महाशीर तो महाशीर, असाच तेव्हाचा समज होता. ही बाहेरून आलेली निळसर परांची जात कावेरीत फोफावली आणि मूळचा उंच पाठीचा महाशीर मागं हटत गेला, असं २०१५ मध्ये संशोधकांनी गळकऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. माशाचं नाव चुकलं होतं आणि घर कुठलं ते पाहिलं गेलं नव्हतं.

या लोणावळ्याच्या कामाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५२ मध्ये त्यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका छोट्या माशाचं पहिल्यांदा शास्त्रीय वर्णन केलं. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. त्याचं शास्त्रीय नाव त्यांनी ठेवलं खवलचोर. लॅटिन कुळाच्या पुढं सरळ मराठी शब्द, साइक्स यांच्याच वाटेनं. मुलांना हे नाव एकदा सांगा, जन्मात विसरणार नाहीत.

त्या दिवसानंतर वर्गातला प्रवाळाचा तक्ता आम्ही काढला नाही. त्याच्या शेजारी एक कोरा कार्डशीट लावला. पालकांना विनंती की बाजारात गेलात तर मासळीवाल्या मावशींना नाव विचारा, मासा कुठून आला ते विचारा, आणि जमलं तर फोटो काढा. मिशा मोजा, तोंड कुठं उघडतं ते पाहा. मासे विकत घेतलेच पाहिजेत असं नाही, शाकाहारी घरातल्या मुलांनी चित्रं काढायचं काम घेतलंय. कार्डशीटवर चार रकाने आखले आहेत : नाव, नदी किंवा गाव, राहण्याची जागा, आणि सांगणाऱ्याचं नाव. शेवटचा रकाना साइक्स यांच्या यादीत नव्हता. आमच्या यादीत पहिल्या ओळीत मळ्या आहे, कादवा नदी, दगडांखाली, आणि त्यापुढं त्या मागच्या बाकावरच्या मुलानं आपल्या आजोबांचं पूर्ण नाव लिहिलंय, आडनावासकट. नुकटा अजून कुणाला मिळालेला नाही.